तुम्ही विचारलंत म्हणून : एवढ्या सगळ्यांना सांभाळलंत कसं?

वाचनालयाचं कार्यवाहपद सोडून मला तीन वर्षं झाली, तरी हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात भेटणारे नवे कार्यवाह विचारतात, गावात मंडळ काढू पाहणारी पोरं विचारतात, पुण्याला मोठ्या कंपनीत असलेला माझा पुतण्याही विचारतो. सभासद, देणगीदार, सरकारी कार्यालय, कर्मचारी, फुकट पेपर वाचणारे आजोबा, अभ्यासिकेतली मुलं, एवढ्या सगळ्यांना 14 वर्षं सांभाळलंत कसं? विचारणाऱ्याला वाटतं, माझ्या जिभेवर साखर असणार. मला जवळून ओळखणारे हे ऐकून हसतील. मी पोस्टातला माणूस. माझी उभी हयात काउंटरमागून ‘पत्ता नीट लिहून आणा’ म्हणण्यात गेली.

आणि सगळ्यांना सांभाळलं हेही खरं नाही. एकाला असं दुखावलंय की अजून त्याच्या घरावरून जाताना मी चालण्याचा वेग वाढवतो. पण ते येईलच पुढे.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. जिल्ह्याच्या ठिकाणचं नगर वाचनालय 1828 सालचं, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी, म्हणून की काय, इकडे प्रत्येक गावाला आपलं वाचनालय ग्रामदैवताच्या खालोखाल वाटतं. निदान भाषणात तरी. वर्गणीचा दिवस आला की दैवत एकदम परकं होतं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्यता आहे, अ-ब-क-ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे वर्षाचं अनुदान दोन हप्त्यांत येतं. तमिळनाडू-कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतात, तसला प्रकार आपल्याकडे नाही. म्हणजे सरकारचा हप्ता आणि गावाची मर्जी, या दोन खांबांवर आमचं छप्पर.

कागदावर वाचनालय सभासदांचं. वार्षिक सभेला चारशेतले तेवीस यायचे. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब आणि मग त्याच ठिकाणी, त्याच तेवीस जणांत सुरू. त्या अर्ध्या तासात बटाटेवडे व्हायचे. खरी वार्षिक सभा तीच असायची, हे मला चार वर्षांनी कळलं.

पुतण्यानं एकदा दिवाळी अंकाच्या पाकिटाच्या पाठीमागे मला चार चौकटी काढून दाखवल्या. त्याच्या कंपनीत म्हणे हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. स्टेकहोल्डर म्हणजे ज्याचं काहीतरी आपल्या संस्थेत अडकलंय असा प्रत्येक जण. एका बाजूला त्याची ताकद, दुसऱ्या बाजूला त्याला असलेली गोडी. “काका, ताकदही नाही आणि गोडीही नाही, अशांवर वेळ घालवायचा नाही.” मी पेन घेऊन आमची माणसं भरायला बसलो. ताकद नसलेल्यांत पहिलं नाव सुचलं ते पेपर वाचणाऱ्या आजोबांचं. वर्गणी नाही, मत नाही, पुस्तकाला हात लावत नाहीत. सकाळी आठला दार उघडायच्या आधी पायरीवर हजर.

याच मंडळींनी मला पहिल्या वर्षी नमवलं होतं. कारण काय, तर शब्दकोडं. कुणीतरी रोज सकाळी पेनानं कोडं भरून टाकायचं, तेही चुकीचं. दहा वाजेपर्यंत दोन तट पडलेले असायचे. मी ‘वर्तमानपत्रावर लिहू नये’ अशी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी पाटीवरच कुणीतरी ‘लिहू’चा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून ठेवला होता. (माझं चुकलं होतं.) शेवटी ग्रंथपाल बाईंनी कोड्याच्या पाच झेरॉक्स काढून टेबलावर ठेवल्या आणि भांडण मिटलं. महिन्याला फार तर दीडशे रुपये. मी ते पैसे दोन वर्षं स्वतःच्या खिशातून घातले, कारण खर्चाच्या कुठल्या सदरात टाकायचे ते समजेना. पुढे घरपट्टीची नोटीस आली तेव्हा त्यातलाच एक आजोबा, नगरपालिकेतून निवृत्त झालेला लेखनिक, म्हणाला, “सवलतीचा ठराव झालाय पूर्वी. मीच लिहिलाय तो.” आणि साल सांगितलं. ठराव निघाला. चौकटी काही चुकीच्या नाहीत, पण आमच्या गावात माणसं एका चौकटीत बसून राहत नाहीत, हे मी पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, “त्यालाही एक शब्द आहे.” असणारच.

कर्मचाऱ्यांचं मात्र हसण्यासारखं नाही. अनुदानातला निम्मा भाग पगाराला, निम्मा बाकी सगळ्याला: पुस्तकं, वीज, दुरुस्ती. पगाराच्या निम्म्यात एक ग्रंथपाल, एक लिपिक, एक शिपाई. आकडा लिहीत नाही, बाईंना आवडणार नाही. एवढंच सांगतो की गवंड्याच्या हाताखालचा माणूस त्यांच्यापेक्षा जास्त कमावतो. त्यात हप्ता लांबला की पगार लांबला. एका वर्षी तो असा लांबला की बाई रोज विचारायच्या आणि मी रोज “येईल हो” म्हणायचो. तिसऱ्या महिन्यात त्या शांतपणे म्हणाल्या, “काका, येईल की नाही ते नका सांगू. खात्यात आज किती आहेत ते सांगा. म्हणजे मला वाण्याला काहीतरी सांगता येईल.”

मी पासबुक काढून त्यांच्यासमोर ठेवलं. नऊ हजार चारशे आणि काही. बाईंनी पाहिलं, मान हलवली, देवघेवीला, म्हणजे पुस्तकं द्यायच्या-घ्यायच्या खिडकीशी, जाऊन बसल्या. मला इतकी लाज क्वचित वाटली असेल. मी दोन महिने त्यांना धीर देतोय असं समजत होतो, आणि त्यांना धीर नको होता, आकडा हवा होता.

त्या महिन्यापासून दर पाच तारखेला पासबुकाच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स फलकावर लावायला लागलो. कार्यकारिणीत गदारोळ झाला. घरातली भांडी चव्हाट्यावर मांडता, असं उपाध्यक्ष म्हणाले. अडत असेल तर राजीनामा घ्या, म्हटलं. फुकटच्या कामाला दुसरा माणूस मिळत नसल्यानं तो कुणी घेतला नाही. गंमत म्हणजे फलक वाचून तीन-चार सभासदांनी थकलेली वर्गणी आणून दिली. फार नाही, पण न मागता.

सरकारी कार्यालयाबद्दल लोक उगाच डोळे मिचकावून विचारतात. तपासणीला येणाऱ्यांची सरबराई कशी ठेवायची वगैरे. माझ्या आधी कोंबडी-वड्यांची प्रथा होती म्हणे. मी चहा ठेवला आणि दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी वही, टेबलावर उघडून ठेवली. तपासणाऱ्याला दिवसात तीन गावं करायची असतात, त्याला वड्यांपेक्षा जुळलेली बेरीज प्रिय असते. संस्थांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयाचंही तसंच: निवडणूक झाली की 90 दिवसांत नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज टाकायचा. जे टाकत नाहीत त्यांच्याकडे दहा वर्षांनी दोन कार्यकारिणी निघतात आणि दोघींकडे शिक्का असतो. यापलीकडे त्यात काही कला नाही.

अभ्यासिकेतल्या स्पर्धापरीक्षावाल्या मुलांशी मात्र मी दोन वर्षं वाईट वागलो. त्यांना रात्री अकरापर्यंत वेळ हवी होती, शेजारच्या घरांना मोटारसायकलींचा त्रास होता, मी मध्ये बसून दोघांनाही “बघू” म्हणत राहिलो. एके दिवशी मुलंच शेजारी जाऊन बोलून आली. नऊनंतर गाड्या कोपऱ्यापासून हातानं ढकलत आणायच्या, असं ठरलं. मला निरोप मिळाला, तोही शिपायाकडून.

आता ते गुरुजींचं.

गुरुजी आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. ते गेल्यावर घरच्यांनी त्यांची सहाशेच्या वर पुस्तकं, दोन शिसवी कपाटांसकट वाचनालयाला दिली. कपाटावर नावाची पितळी पट्टी. मुलगा मुंबईला, नोकरीनिमित्त कायमचा. गणपतीत गावी आला की एक चक्कर वाचनालयात, कपाटासमोर दोन मिनिटं, मग देणगीपेटीत पाचशे रुपये. वर्षानुवर्षं.

2016 च्या पावसात त्या भिंतीला ओल आली. कौलं सरकली होती, पागोळ्या आतल्या आत. कपाट उघडलं तेव्हा खालचे दोन कप्पे बुरशीनं धरलेले, वरच्यांना कसर, आणि मागच्या फळीत वाळवीची माती. सगळ्या वाचनालयातली अशी 870 पुस्तकं निघाली. निर्लेखन, म्हणजे नोंदीतून बाद, करायचं ठरलं. मी नियमानं चालणारा माणूस. उपसमिती नेमली, ठराव केला, यादी केली, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची परवानगी आणली, नोंदवहीत लाल शाईनं रेघा मारल्या, पहिल्या पानावर ‘बाद’चा शिक्का. रद्दीवाल्यानं 217 किलो भरले, 11 रुपये दरानं 2,387 रुपये. पावती फाईलला आहे. कुणीही कधीही येऊन तपासावं.

त्या वर्षी गणपतीत गुरुजींचा मुलगा आला आणि कपाटासमोर न जाता सरळ देवघेवीच्या खिडकीशी आला. पिशवीतून एक पुस्तक काढून त्यानं लाकडावर ठेवलं. इंग्रजी व्याकरणाचं, पुठ्ठा सुटलेला. पहिल्या पानावर गुरुजींची निळ्या-काळ्या शाईतली सही, खाली आमचा अंडाकृती जांभळा शिक्का, त्यावर तिरका ‘बाद’. आठवडे बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात आठवीतल्या एका मुलाला ते सापडलं होतं. दहा रुपयांना घेतलं, सहीवरचं नाव वाचलं, आणि घर माहीत असल्यानं नेऊन दिलं.

मी यादी, ठराव, परवानगी असं सांगायला सुरुवात केली. फाईल काढायला उठलोसुद्धा. त्यांनी हात वर केला.

“ओली झाली, टाकलीत. मी असतो तरी टाकलीच असती,” ते म्हणाले. “एक कार्ड टाकायला काय झालं होतं? तुम्ही तर पोस्टातले.”

पुस्तक तिथंच ठेवून ते गेले. पाचशे रुपये नाहीत, चहा नाही. पुढच्या गणपतीत आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी दोन पत्रं लिहिली. पोच नाही.

माझ्या फाईलमध्ये सरकार होतं, कार्यकारिणी होती, रद्दीवाला होता. ज्याच्या घरातून पुस्तकं आली तो कुठल्याच कागदावर नव्हता, कारण नियमात त्याला कळवायचं असं कुठं लिहिलेलं नाही. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड. आणि मी हयातभर ती विकली.

नंतर मी देणगीदारांची वही नव्यानं केली. उरलेल्या संग्रहांच्या एकेचाळीस घरांना कार्डं टाकली: पुस्तकं अमुक स्थितीत आहेत, यातली इतकी काढावी लागतील, हवी असतील तर अमुक तारखेच्या आत न्यावीत. तिघं येऊन घेऊन गेले. सात कार्डं ‘पत्त्यावर कुणी नाही’ म्हणून परत आली. एका बाईंनी चार पानी उत्तर पाठवलं, त्यात पुस्तकांबद्दल एक ओळ आणि बाकी वडिलांबद्दल. नवीन देणगी घेतानाही आधीच लिहून द्यायला लागलो की ही पुस्तकं कायम राहतीलच असं नाही. ते वाचून दोघांनी देणगी मागे घेतली. अध्यक्ष वैतागले, “तुम्ही लक्ष्मी दारातून परत पाठवता.” पाठवली असेल. पण नंतर बाजारात भेटली असती, त्यापेक्षा बरं.

तर कसं सांभाळलंत, याचं माझ्याकडे एवढंच आहे. नाही म्हणायची वेळ आली की दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत मी स्वतः सांगून टाकायला लागलो. गोड बोलणं मला शेवटपर्यंत जमलं नाही.

ते व्याकरणाचं पुस्तक बरेच दिवस माझ्या खणात होतं. एकदा आवराआवरीत बाईंनी ते पाहिलं आणि विचारलं, “काका, हे दाखल करून घेऊ का?” लाल रेघ मारलेला क्रमांक पुन्हा देता येत नाही, नवा द्यावा लागतो. त्यांनी पुठ्ठा चिकटवला, नवा क्रमांक घातला आणि नोंदवहीतल्या ‘कोणाकडून मिळाले’ या रकान्याशी पेन थांबवलं. गुरुजींचं नाव लिहावं तर ते एकदा लिहून खोडलेलं. मुलाचं लिहावं तर त्यांनी दिलेलं नाही, ठेवून गेले. मग बाईंनी त्या आठवीतल्या पोराचं नाव लिहिलं. किमतीच्या रकान्यात दहा रुपये.