एक धागा, दोन मणी

आज गंगापूर रोडला एमएस्सीच्या मुलांशी ऑप्टिकल ट्वीझर्सवर, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने सूक्ष्म मणी पकडणाऱ्या चिमट्यावर, गप्पा झाल्या. नाशिकच्या पोरांना द्राक्षमांडवाची तार पटकन कळते. लॅम्डा (जिवाणूंच्या एका विषाणूचा) डीएनए दोन मण्यांमध्ये तसाच ताणायचा. 48,502 बेसजोड्या, लांबी जेमतेम 16.5 मायक्रॉन. टोकांना बायोटिन, मण्यांवर स्ट्रेप्टॅव्हिडिन; हे दोन एकमेकांना घट्ट चिकटतात. 65 पिकोन्यूटन (बलाचं अतिसूक्ष्म एकक) च्या आसपास धागा एकदम लांबायला लागला तर तो एकच. दुप्पट बल लागलं तर दोन अडकलेत, मणी सोडून द्या. मग तुटलेला डीएनए जुळवणारं रॅड51 हे प्रथिन आत सोडायचं. ते पूर्ण बसलं की धागा साधारण दीडपट होतो.

घोळ बहुतेकदा पिपेटमध्येच! अरुंद टिपने जोरात ओढलं की रेणू तुटलाच, म्हणून टोक कापून घ्या. ऑक्सिजन काढायला ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम घातलेलं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ताजंच हवं. शिळं झालं की त्यात आम्ल साठून पीएच घसरतो. आणि फ्लो सेलमधला (ज्यातून द्रावण वाहतं त्या कप्प्यातला) बुडबुडा? त्याला शिव्याच.