तोंडावरचा वळ

माणूस वयापेक्षा वजनाबद्दल जास्त खोटं बोलतो, हे मला गोव्यात विमानाच्या जॉयराइडच्या, म्हणजे हौसेनं मारायच्या फेरीच्या, काउंटरवर बसायला लागल्यापासून कळलं.

गेल्या डिसेंबरात सांगलीकडचं एक कुटुंब आलं. काका, काकू, मुलगा, जावई. विमान चार आसनी सेसना, त्यातलं एक आसन पायलटचं. म्हणून काकूंनी खाली पिशव्या सांभाळायच्या, हे घरूनच ठरलेलं. काकांनी फॉर्मवर ८० लिहिलं होतं. काट्यानं ९७ दाखवलं.

"खिशात मोबाइल आहे," काका म्हणाले.

हसू आवरलं, पण हिशेब करावाच लागतो. या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन १,१५७ किलो. त्यातून रिकामं विमान वजा केलं की माणसं, सामान आणि इंधन यांना मिळून चारशेच्या आसपास उरतात. टाक्या भरल्या तर पायलट धरून माणशी सत्तरसुद्धा येत नाहीत. शिवाय दुपारची हवा तापून विरळ झालेली, धक्केही जास्त. सकाळी या म्हणून फोनवर सांगितलं होतं, पण सकाळी त्यांना 'जरा फिरायचं' होतं. उगवले साडेचारला.

आमचा लोडर पेडण्याचा. तो हळूच म्हणाला, "तेच्या तोंडार वळ बघ."

जावयाच्या कपाळावरून गालांपर्यंत लालसर गोल वळ होता, आणि कानामागे मिठाची पांढरी रेघ.

"ग्रँड आयलंडला गेला होतात?"

"हो ताई! स्कूबा! एक नंबर!"

म्हणजे वळ बुडी मारताना घालायच्या मास्कचाच. पाण्याखाली दाबातली हवा घेतली की नायट्रोजन अंगात विरघळतो. लगेच उंचावर गेलं की सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, फारच बिघडलं तर मेंदूवर जातं. एका बुडीनंतर किमान १२ तास, जास्त असतील तर १८ तास उडायचं नाही. बोटीवर त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणे. सांगितलंही असेल, गाण्यांच्या दणदणाटात कुणाला ऐकू येणार!

"पण हे विमान कुठं एवढं वर जातंय?" जावई म्हणाला. त्यांना दूधसागर बघायचा होता, म्हणजे घाट. तिथले डोंगर हजार मीटरपर्यंत चढतात. कॅप्टन बाहेर आले, वळ बघितला आणि "नाही" म्हणून परत गेले.

पैशांवरून दहा मिनिटं आवाज चढले. मग काकू उठल्या. "मी जाऊ का?" काट्यावर ५५. त्यांनी पर्समधून उलटीवरची गोळी अ‍ॅव्होमिन काढली. मी म्हटलं, काकू, ती आधी घ्यायची असते, आता फक्त लांब क्षितिजाकडे बघा, मोबाइलमध्ये नको. इंधनाचं गणित नव्यानं मांडलं, काका पुढे बसले, काकू मागे खिडकीपाशी. सेसनाचे पंख वर असतात, खालचं सगळं दिसतं.

जावई माझ्याशेजारी बाकावर पिशव्या घेऊन बसला. विमान दिसेनासं झाल्यावर म्हणाला, "ताई, उद्या सकाळी सातला आलो तर?"

"बुडी एकच ना?"

त्यानं दोन बोटं वर केली.

"दुसरी कधी संपली?"

"दोन वाजले असतील."

मी रजिस्टरमधला सातचा आकडा खोडला आणि नऊ लिहिलं.