स्पेक्ट्रम की कमोडोर ६४: मायनस पाच व्होल्टचा तिढा अखेर सुटला

मंडळी, इश्यू थ्रीचा (म्हणजे तिसऱ्या आवृत्तीच्या बोर्डाचा) स्पेक्ट्रम, ऐंशीच्या दशकातला तो घरगुती संगणक, उठून बसला! सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ पडद्याच्या तळाशी उमटली, आणि या वेळी ती टिकली. संध्याकाळभर मशीन चालू ठेवलं. कॅसेटऐवजी फोनवर ध्वनिफीत लावून, आवाज पूर्ण वाढवून इअर सॉकेटमधून 'मॅनिक मायनर' हा खेळ लोड केला. बॉर्डरवर आधी लाल-निळसर आणि मग निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावायला लागल्या, तेव्हा जो आनंद झाला तो तुम्हालाच कळेल. कीबोर्डचं नवीन मेंब्रेनही झकास बसलंय, एकेक बटण पहिल्या दाबात लागतं.

स्पेक्ट्रम आणि त्याचा तेव्हाचा प्रतिस्पर्धी कमोडोर ६४ यांच्या तुलनेत खेळांबद्दलचं मत मी आधीच दिलं होतं, पण दुरुस्तीला कुठलं मशीन सोपं याचा निकाल राखून ठेवला होता, तो या स्पेक्ट्रमच्या हिरव्या पडद्यामुळे. आधी तेच सांगतो.

मशीन चालू होताच रॉम (कायमचा प्रोग्रॅम असलेली चिप) सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरते. म्हणून धडधाकट स्पेक्ट्रमवर क्षणभर काळ्या पडद्यावर बारीक लाल उभ्या रेघा दिसतात, दर आठ ठिपक्यांमागे एक. माझ्याकडे आठांत दोन रेघा होत्या आणि काळ्याच्या जागी हिरवा रंग. म्हणजे २ ऐवजी ३४ लिहिलं जात होतं, म्हणजे डी-५ या डेटा लाइनचा बिट १ वर अडकलेला. लोअर रॅममध्ये, म्हणजे खालच्या १६ के मेमरीत, दर बिटाला एक ४११६ चिप, त्यामुळे नेमकी कुठली चिप काढायची हे पडद्यावरच वाचता येतं. कमोडोरवर रॅम गेली की बहुतेक वेळा नुसता काळा पडदा, आणि पीएलए (कधी कुठली चिप बोलेल ते ठरवणारी चिप) गेला तरी तसाच काळा पडदा. या बाबतीत स्पेक्ट्रमला पहिल्यापासून जास्त गुण.

चिप बदलली, सॉकेट लावला, तरी पडदा हिरवाच. नवीन म्हणून आलेल्या चिपवर ॲसिटोनचा बोळा फिरवला तर पांढरी अक्षरं पुसली गेली आणि खाली वाळूकागदाचे ओरखडे दिसले. घासून नवा नंबर छापलेला माल. दुकानाचं नाव घेत नाही, पण ४११६ घेताना वरचा भाग तिरक्या उजेडात बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लॅमिंग्टन रोडवर जुना साठा राखून असलेली माणसं अजून आहेत. ती चिप थोडी महाग देतात, पण खरी देतात. तिथून आणलेली लावली आणि ओळ उमटली. अर्ध्या तासाने पडदा पुन्हा हिरवा! काही वेळाने आणखी एक बिट गेला.

४११६ ला तीन व्होल्टेज लागतात: अधिक पाच, अधिक बारा आणि मायनस पाच. मायनस पाच ढासळलं की चिप जास्त करंट ओढते, तापते आणि मरते. थंड मशीनवर मीटर बरोबर मायनस पाच दाखवत होता, तापल्यावर आकडा हळूहळू शून्याकडे सरकायचा. नेहमीचे संशयित ट्रान्झिस्टर, टीआर-४ आणि टीआर-५, जोडीने बदलले. कपॅसिटर सगळे नवे घातले. मायनस पाच सांभाळणारा झेनर डायोडही बदलला. फरक शून्य. शेवटी बारा आणि मायनस पाच तयार करणाऱ्या कन्व्हर्टरच्या कॉइलला बोट लावलं तर चटका बसला. भिंगातून पाहिलं तर आतल्या वेढ्यांवरचं इनॅमल काळं पडलेलं. कधीतरी टीआर-४ जळताना कॉइलही भाजली होती, वेढे आपसात शॉर्ट झाले होते. मीटरवर ओहम मोजून हे कळत नाही, कारण तांब्याच्या त्या थोड्याशा वेढ्यांचा रोध तसाही नगण्यच. मंडळी, टीआर-४ उडालेला बोर्ड हाती आला तर कॉइल धरूनच चाला.

नवी कॉइल परदेशातून मागवली. ती यायला वेळ होता, आणि तेवढ्यात कमोडोरच्या मेलेल्या बोर्डाकडे लक्ष गेलं. जुन्या काळ्या पॉवर ब्रिकवर (कमोडोरच्या पॉवर सप्लायवर) राहून ज्यांचा प्राण जातो त्यांतलाच तो, पण त्याच्यावरच्या ४१६४ रॅम (६४ के च्या चिप्स) आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या टेस्टरवर आठही पास झाल्या होत्या. ४१६४ ला फक्त अधिक पाच लागतं! पिना ताडून पाहिल्या. ४११६ मध्ये पिन १ ला मायनस पाच, ८ ला बारा, ९ ला पाच. ४१६४ मध्ये १ रिकामी, ८ ला पाच, ९ ला ए-७ ही पत्त्याची लाइन. म्हणून प्रत्येक चिपच्या पिना १ आणि ८ सॉकेटबाहेर वाकवल्या, आठही चिपच्या ८ नंबरच्या पिना एका बारीक तारेने जोडून पाच व्होल्टवर नेल्या. पिन ९ ला बोर्डाचं पाच मिळतच असतं, ए-७ कायम १ राहतो, म्हणजे चिपचा चौथा भाग वापरात, आणि १६ के ला तेवढाच पुरतो. कन्व्हर्टर मात्र काढून टाकता येत नाही. रंगीत चित्र घडवणारी एलएम १८८९ बारा व्होल्टवर चालते. पण रॅमचा भार गेल्यावर ती भाजकी कॉइलसुद्धा तेवढं काम निभावते आहे. प्रतिस्पर्ध्याच्या रॅमवर स्पेक्ट्रम चालतोय, याचा मला फार आनंद आहे.

हे लिहिता लिहिता बेत बदलतोय. वरची ३२ के ज्या चिप्सवर आहे त्या मुळात अर्ध्या सदोष ६४ के चिप्स. सिंक्लेअरने चांगला अर्धा भाग वापरून पैसे वाचवले, आणि ४८ के मशीन १७५ पौंडांत दिलं. त्याच १९८२ मध्ये कमोडोर ६४ अमेरिकेत ५९५ डॉलरला बाजारात आला. स्पेक्ट्रमच्या या अर्ध्या चिप्सच्या जागी सरळ ४१६४ बसते. म्हणजे वरखाली एकाच जातीची रॅम होईल आणि ४११६ ची शोधाशोध कायमची संपेल. नवी कॉइल आली की तीही बसवणार, पण ४११६ कडे परत जाणार नाही.

खेळांबद्दल माझं मत तेच. कमोडोरचे आठ स्प्राइट (हार्डवेअर स्वतः हलवतं ती चित्रं), हार्डवेअरचं स्क्रोलिंग आणि सिड या आवाजाच्या चिपचे तीन आवाज यांना स्पेक्ट्रमकडे उत्तर नाही. आठ बाय आठच्या चौकटीत दोनच रंग, म्हणून खेळाडू पुढे सरकला की मागचं चित्र रंगतं. मात्र घन आकृत्या फिरवायच्या खेळांत स्पेक्ट्रमचा साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर कमोडोरच्या जेमतेम एक मेगाहर्ट्झच्या ६५१० ला मागे टाकतो. 'ड्रिलर' दोन्हीवर लावून पाहा.

आता राखून ठेवलेला निकाल. कमोडोरचे व्हीआयसी (चित्राची चिप), सिड आणि सीआयए (कीबोर्ड, पोर्ट सांभाळणारी चिप) फक्त मॉस या कंपनीने बनवले. खरा ६५८१, म्हणजे सिड, मिळवणं आज खिशाला जड, आणि सिडच्या बदली बोर्डांचे आवाजाचे फिल्टर मला अजून पटलेले नाहीत. स्पेक्ट्रममध्ये अशी अडचणीची चिप एकच, फेरांटी कंपनीची यूएलए (चित्र, कीबोर्ड, कॅसेट सांभाळणारी खास चिप), आणि तिचे चांगले पर्याय बनतात. झायलॉगने २०२४ मध्ये झेड-८० चं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं, तरी चिपचा साठा मुबलक आहे. बाकी बहुतेक दुकानात मिळणारं. दुरुस्तीत स्पेक्ट्रम पुढे, माझ्याकडून नि:संशय.

कॉइल येईपर्यंत बीबीसी मायक्रो उघडणार होतो. १९८४ च्या क्लास या संगणक शिक्षणाच्या योजनेत आपल्या शाळांत आलेलं हे मशीन तुलनेत हवंच, आणि त्याच्या पॉवर सप्लायमधले धूर ओकणारे फिल्टर कपॅसिटर प्लग लावण्याआधी बदलायचे आहेत. पण त्याआधी एक विनंती: आपल्याकडे बनलेला डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम कुणाकडे असेल तर झाकण उघडून बोर्डाचा इश्यू नंबर आणि कॉइलचा जवळून काढलेला फोटो पाठवा. त्यातही ४११६ असतील तर तारेची जोडणी कशी करायची ते पिनांच्या आकृतीसह लिहून देतो.