त्युफोच्या भिंतीत भरलेलं सिमेंट

फ्रान्समधल्या तूर शहराच्या जुन्या भागातल्या सोळाव्या शतकातल्या एका संरक्षित वाड्याची दर्शनी भिंत तपासत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशेजारी एक कोरीव अर्धस्तंभ आहे. त्याच्यावर बोट टेकवलं आणि तळहाताएवढी, दीड सेंटिमीटर जाडीची खपली हातात आली. वरची पानंफुलं शाबूत होती, मागे मात्र दगडाचं ओलसर पीठ झालं होतं.

हा दगड म्हणजे त्युफो. लुआर नदीच्या खोऱ्यातला सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक, करवतीनं कापता येईल इतका मऊ. त्याच्या आकारमानाचा निम्म्याजवळ भाग पोकळीच असतो. तो पाणी पितो आणि सोडतोही, पण सोडायला वाट लागते. मूळ बांधकामात दगडांमधल्या चुन्याच्या दर्जा, म्हणजे सांधे, ती वाट देत. विसाव्या शतकात कुणीतरी त्या खरवडून सिमेंट भरलं. आता सगळं पाणी दगडातूनच वाळतं, सोबतचे क्षार पृष्ठभागाच्या जरा आत स्फटिक होऊन फुगतात आणि वरचा थर सुटतो. म्हणून या भिंतीवर सिमेंटची दरज जागेवर उभी आणि दगड दोन बोटं आत गेलेला दिसतो. लोक म्हणतात, दगडच हलक्या प्रतीचा. साडेचारशे वर्षं उभ्या राहिलेल्या दगडाबद्दल हे ऐकून संताप येतो.

सिमेंट काढणं हे खरं जिकिरीचं काम. दरज चार-पाच मिलिमीटरची. ग्राइंडरचं पातं जरा कललं की दोन्ही बाजूंच्या धारा गेल्या. आम्ही हॅकसॉचं पातं आणि बारीक छिन्नी वापरली. दोघांचं दिवसभरात दोन मीटरही होत नव्हतं. मग आयनरहित, म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या, पाण्यात कालवलेल्या कागदाच्या लगद्याचा, केओलिन मातीचा आणि वाळूचा लेप लावून तो पूर्ण वाळू दिला. क्षार त्यात ओढले जातात. एका लेपानं भागलं नाही.

नव्या दर्जेसाठी एक भाग हवाई चुना (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं घट्ट होणारा) आणि अडीच भाग बारीक वाळू. त्या वाळूतलीच थोडी कमी करून तेवढी त्युफोची भुकटी. भरण्याआधी दगड भिजवायचाच. आपल्याकडचा गवंडी वीट भिजवून बसवतो, कारण तेच. कोरडा दगड चुन्यातलं पाणी शोषून घेतो आणि दरज बोटानं उकरली जाते. पाच अंशांखाली काम बंद, आणि भरल्यावर काही दिवस ओलं गोणपाट.

फ्रान्समध्ये संरक्षित वास्तूला परवानगीशिवाय हात लावता येत नाही; हा नियम 1913 च्या कायद्यापासून चालत आला आहे. या कामाच्या मंजुरीत खिडक्यांच्या रंगावर पानंच्या पानं खल झाला, आणि चुन्याबद्दल मालकाच्या जुन्या अंदाजपत्रकात एकच ओळ होती, 'दर्जा भरणे'. कुठल्या चुन्यानं, किती खोल, काही नाही. भिंतीचं आयुष्य त्या ओळीवर अवलंबून असतं.

खिडकीवर एका वर्तुळात कोरलेला पुरुषाचा चेहरा आहे. त्याच्या भोवतीचं सिमेंट आम्ही काढलं नाही. गालाची कड ठोकली तर पोकळ वाजते. छिन्नीचा हादरा तिला सोसला नसता. सिमेंट ठेवलं तर गाल आतून पोखरत जाणार, हेही माहीत आहे. सुटलेल्या थरामागे सुईनं पातळ चुना सोडला, वर दगडी पट्टीला शिशाचा पत्रा ठोकून पावसाचं पाणी वळवलं. वसंतात शिडी लावून तो गाल पुन्हा ठोकून बघायचा आहे.