सी किंग : डायल अस्सल ठरली, ठिपके मात्र गोत्यात

मागच्या नोंदीतील फेवर-लुबा या स्विस कंपनीच्या सी किंग या जुन्या मनगटी घड्याळाचे छायाचित्र पाहून बहुतेकांनी त्याची डायल ‘मुंबई स्पेशल’, म्हणजे नंतर पुन्हा रंगवलेली, ठरवली होती, कारण सहाच्या खाली ‘स्विस मेड’ कुठेच दिसत नव्हते. आता निकाल लागला आहे. मशीन केसमधून, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचातून, काढून डायल सुटी केल्यावर, केसच्या आतल्या कडेखाली झाकली गेलेली ती बारीक अक्षरे अगदी काठावर सापडली. दहापटीच्या भिंगाखाली त्यांच्या कडा धारदार आहेत, शाई कुठेही पसरलेली नाही आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी नेमक्या जुळतात. डायल पुन्हा रंगवताना या खुणा सहसा काढून परत बसवाव्या लागतात. येथे मागच्या बाजूला त्यांचे पाय जसेच्या तसे दाबलेले दिसतात आणि डायलचे पायही झाळलेले नाहीत. दोन व सातच्या मधला तपकिरी डाग आता मला दोष वाटत नाही. असा प्रामाणिक डाग कोऱ्या चकचकीत रंगापेक्षा केव्हाही परवडला.

पण याच अक्षरांनी पुढचा घोळ उभा केला. ‘स्विस मेड’च्या आजूबाजूला ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरल्याचे सांगणारी ‘टी’ नाही, आणि तरीही प्रत्येक तासाच्या टोकाशी ल्यूमचा, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या रंगाचा, ठिपका आहे. दोन बॅरलचे (स्प्रिंगच्या डब्यांचे) 251 हे मशीन 1962 मध्ये आले, म्हणजे अगदी सुरुवातीच्या घड्याळात ‘टी’शिवाय, ट्रिटियमच्या आधी वापरला जाणारा रेडियम असण्याची शक्यता सोडून देता येत नव्हती. अतिनील टॉर्च लावून पाहिली, तर टॉर्च विझवल्यावरही ठिपके कितीतरी वेळ हिरवे उजळत राहिले. रेडियमच्या ल्यूममधले चमकणारे द्रव्य स्वतःच्याच किरणोत्साराने केव्हाच निकामी होते. जुना ट्रिटियमही टॉर्च काढताच झपाट्याने मावळतो. शिवाय रेडियमने ठिपक्यांभोवती आणि काट्यांच्या मुक्कामाखाली जळल्यासारखी छटा सोडली असती, तीही नाही. मग काटे भिंगाखाली धरले : भरीव, ल्यूमसाठी खाच नसलेले, आणि वरून नुसता लेप फासलेला. तात्पर्य, हे घड्याळ ल्यूमचे नव्हतेच. कोणीतरी हौसेने त्याला रात्री दिसणारे केले.

ठिपके रोडिकोने (घड्याळजींच्या चिकट लांबीने) हलकेच उचलून पाहण्याचा बेत होता. हे लिहिता लिहिताच तो रद्द करतो आहे, कारण डायलवरची लॅकर साठ वर्षांची आहे आणि ठिपक्याबरोबर तिची खपली निघाली तर अस्सल डायल मीच बिघडवल्यासारखे होईल. त्याऐवजी आधी काट्यांवरचा लेप काढावा. काटे बदलता येतात, डायल येत नाही. लेपाखालची झिलई शाबूत निघाली, तर ठिपक्यांचा विचार नंतर.

बाकी मशीनबद्दल थोडक्यात : बॅलन्सखाली (डोलणाऱ्या चाकाखाली) 251 चा ठसा आहे, स्क्रूंच्या खाचा कोणी ओरबाडलेल्या नाहीत, आणि 2.95 मिलिमीटर जाडीत दोन बॅरल बसवण्याची करामत उघडून पाहताना आजही मजा येते. हलका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यात हात घालू नये. घड्याळाची हत्यारे बनवणाऱ्या बर्जन कंपनीचा महाग पडतो, पण पाते खाचेत बसते आणि निसटत नाही. चावीची, म्हणजे किल्ली देण्याच्या बाजूच्या बोंडाची, गोष्ट मात्र निराशेची. एका विक्रेत्याने ‘कंपनीचीच’ म्हणून पाठवलेल्या चावीवर वाळूच्या घड्याळाचे चिन्ह होते खरे, पण ते इतके उथळ की नखाने पुसले जाईल असे वाटावे, आणि दातेही केसच्या नळीपेक्षा रुंद. ती परत गेली. सध्या झिजलेली जुनीच चावी ठेवली आहे, कारण बोथट झालेले अस्सल चिन्ह मला नव्या नकलेपेक्षा मोलाचे वाटते.

केसचा मुलामा पायांच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, टोकांना उडून खालचे पितळ दिसते. त्यामुळे पोलादी केसच्या सी किंगइतकी किंमत याला कधी येणार नाही, पण पायांच्या कडा पॉलिशने गोल झालेल्या नाहीत, आणि विकत घेताना मी मुलाम्याआधी त्याच पाहिल्या होत्या. काट्यांवरचा लेप निघेपर्यंत पर्यायही शोधून ठेवतो आहे; कोणाकडे 251 चे, खाच नसलेले जुने काटे सुटे पडले असतील, तर तास व मिनिट काट्यांच्या भोकांची मापे कळवावीत.