नेत्राणीची शिडी

नागपूर-मडगाव गाडी आणि तिथून कोकण रेल्वेने मुरुडेश्वर. जायला दीड दिवस गेला, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. तिथल्या समुद्रातल्या नेत्राणी बेटाजवळचं पाणी स्वच्छ होतं आणि स्कूबा डाइव्ह, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणं, सुरेख झाले. पण लिहायला बसले ते शेवटच्या चार मिनिटांसाठी, बोटीच्या शिडीपाशी गेलेल्या.

बेट किनाऱ्यापासून साधारण 19 किलोमीटर आत आहे. बेटावर उतरायचं नसतं, पाण्यात जाणं-येणं सगळं बोटीवरूनच. दुपारकडे वारा वाढला आणि बोट डुलायला लागली. शिडी लाटेबरोबर हातभर वर जायची आणि धप्पकन खाली यायची. पाण्याखाली सगळं सामान बिनवजनाचं वाटतं. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तेच सामान एकदम अंगावर येतं: भरलेलं अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर 16 किलोच्या आसपास, हवा भरून तरंगवणारं जॅकेट आणि तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर मिळून चार-पाच, खाली जाता यावं म्हणून कमरेला बांधलेल्या वेट बेल्टचं शिसं पाच-सहा. पंचवीसेक किलो पाठीवर, पाय ओले, आणि गुडघा नेमका वाकलेला असताना शिडी खालून धक्का देते. साठीनंतर खांदे आणि गुडघे निकामी होतात ते इथे. समुद्रतळाशी नाही.

यावर उपाय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. जॅकेटमध्ये पूर्ण हवा भरायची. रेग्युलेटर तोंडातच ठेवून आधी वेट बेल्ट वर द्यायचा, मग जॅकेट पाण्यातच काढून सिलिंडरसकट खलाशाच्या हाती द्यायचं. फिन, म्हणजे पायातले पोहायचे पंख, सगळ्यात शेवटी, शिडी हातात घट्ट धरल्यावर. फिन आधी काढले आणि हात सुटला, तर प्रवाहात पोहायला पायात काहीच उरत नाही. हा क्रम चुकलेला मी त्या दिवशी दोनदा पाहिला. खलाशी वरून सारखा सांगत होता, “काका, आधी बेल्ट. सावकाश.”

माझ्या मनाला लागलं ते वेगळंच. वर यायला आपल्याला दोन माणसं लागतात, इथवर ठीक आहे. पण आपला बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, बेशुद्ध झाला तर त्याला ओढत बोटीपर्यंत आणण्याची ताकद आपल्यात उरली आहे का? डाइव्ह जोडीने असतो तो याचसाठी. ज्या दिवशी याचं उत्तर ‘नाही’ येईल, त्या दिवशी आपल्या जिवाचा भार आपण गुपचूप दुसऱ्यावर टाकलेला असतो. डाइव्हिंग थांबवायची खूण मी हीच मानते.

वयाचा आकडा ती खूण नव्हे. रे वूली या ब्रिटिश डायव्हरने 2018 साली, 95व्या वर्षी, सायप्रसजवळ बुडालेल्या झेनोबिया जहाजावर 40.6 मीटरपर्यंत डाइव्ह केला. आधी भरायच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये मात्र पंचेचाळिशीवरच्यांना वेगळे प्रश्न असतात: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घरात कुणाला पन्नाशीआधी झालेला हृदयविकार. एकालाही ‘हो’ आलं की डॉक्टरची सही लागते. पहाटे काउंटरवर गर्दीत लोक सरसकट ‘नाही’वर खुणा करतात आणि रक्तदाबाची गोळी पिशवीत लपवतात, याचा मला मनापासून राग येतो.

कारण पाण्यात उतरताच पायांतलं अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकतं. रक्तदाब जास्त, सूट घट्ट आणि वरून प्रवाहाविरुद्ध पोहणं, असं जुळून आलं तर फुप्फुसात पाणी साचू शकतं. फारशी मेहनत नसताना धाप, खोकला, छातीत घरघर, कधी गुलाबीसर फेस. लोक याला घाबरणं समजतात आणि धीर देत खालीच थांबवतात. तिथे थांबायचंच नाही. मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग न घेता वर, पाण्याबाहेर, बसवून ऑक्सिजन. हे पुन्हा होऊ शकतं, म्हणून एकदा झालं की सिलिंडर कायमचं खाली ठेवलेलं बरं.

धापेचा हिशोबही मांडून बघा. 18 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या 2.8 पट. वर मिनिटाला 20 लिटर हवा लागत असेल तर तिथे 56 लागते. 11 लिटरच्या, 200 बार (बार हे दाबाचं माप) भरलेल्या सिलिंडरमधले 50 बार राखून ठेवले की अर्धा तास मिळतो. श्वास दुप्पट झाला की पंधराच मिनिटं. आणि चाळिशीचा चष्मा घरी ठेवून आलेल्याला हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवरचे 50 आणि 80 सारखेच दिसतात. मास्कच्या काचेला आतून चिकटवायच्या वाचनाच्या भिंगाच्या चकत्या मिळतात, त्या लावाच.

समुद्र नसलेल्या आपल्या नागपुरातही परीक्षा घेता येते. अंबाझरीला 1.6 किलोमीटर 14 मिनिटांत चाला, 25 मीटरच्या पोहण्याच्या तलावात न थांबता आठ फेऱ्या, म्हणजे 200 मीटर, मारा. फॉर्मवरच्या एका प्रश्नात हेच दोन आकडे आहेत. उन्हाळ्यात पहाटे जा, बाप्पा, आणि घड्याळ लावून जा. अंदाजाने आपण सगळेच तरुण असतो.

सोडायचं तेही टप्प्याटप्प्याने. आधी 30 मीटर सोडले, मग जोराचा प्रवाह, मग दिवसातला दुसरा डाइव्ह. नेत्राणीला पाच-सहा मीटरवरही पोपटमासे प्रवाळ कुरतडताना दिसतात, त्या कुरतडण्याचा आवाजसुद्धा येतो.

परतताना गोव्याहून विमान टाळलं. लागोपाठच्या डाइव्हनंतर 18 तास उडायचं नसतं, उंचावर हवेचा दाब कमी असतो म्हणून. इगतपुरी साधारण 600 मीटरवर आहे, पण गाडी घाट चढेपर्यंत तेवढे तास उलटून गेले होते.

पुढच्या डिसेंबरचं ठरलं आहे: पहिल्या दिवशी 12 मीटरचा एक डाइव्ह, दुसऱ्या दिवशी फक्त स्नॉर्कल, म्हणजे नळीने श्वास घेत वरच्यावर पोहणं. शिडी पाण्यात किती खोल उतरते आणि बोटीवर ऑक्सिजन आहे का, हे पैसे भरण्याआधीच फोनवर विचारून घेतलं.