बाळंतविडा तासाभरात, तीन हजारांना मात्र पूर्ण हंगाम

"आधार लिंकच आहे, पासबुकवर लिहिलंय ना!" एका गरोदर ऊसतोड बाईला सरकारी योजनेचे तीन हजार रुपये मिळवून देताना बँकेच्या काउंटरवरचं हे वाक्य एका हंगामात मी तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा ते खरं होतं, आणि तिन्ही वेळा त्याचा काडीचा उपयोग नव्हता. चौथ्या फेरीच्या आधी खरं कारण हाती लागलं. तोवर साखर कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपायला, जेमतेम दोन आठवडे उरले होते.

आधी काम काय ते सांगते. अहिल्यानगर जिल्ह्यात साखर कारखान्यांभोवती दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. माणसं बहुतेक बीडकडची. त्यांच्यातल्या गरोदर बायका आणि ओल्या बाळंतिणींसाठी आमच्या चर्चचं महिला मंडळ काम करतं. या बायकांचा चर्चशी काही संबंध नसतो, आणि तो जोडायला आम्ही जात नाही. पास्टोरेट कमिटीने, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाने, सुरुवातीलाच तीन गोष्टी ठरवून दिल्या: उपासनेला या म्हणायचं नाही, पत्रक वाटायचं नाही, बाईचा फोटो काढायचा नाही. हे पाळतो म्हणून टोळीचा मुकादम कोप्यांपर्यंत, म्हणजे त्यांच्या झोपड्यांपर्यंत, जाऊ देतो. जाताना दोघी जायचं, आणि संध्याकाळी सहानंतरच. त्याआधी कोपीत म्हातारी किंवा लहान पोरं सोडून कुणी भेटत नाही.

बाळंतविड्याचं काम सोपं आहे. हंगामाच्या सणाला (हार्वेस्ट फेस्टिव्हल) चर्चमध्ये धान्याचा-भाज्यांचा लिलाव होतो, त्यातला एक वाटा याला मिळतो. एका विड्यात लंगोट २४, समोरून नाडीची झबली ६, टोपडी २, दुपटी ४, लोकरी मोजे, लहान मच्छरदाणी, बाळाखाली घालायचं मेणकापड, आईसाठी पॅडचे दोन पुडे, अंगाचे साबण २, शेंगदाणे २ किलो, गूळ १ किलो आणि हाळीव पाव किलो. झबल्याला बटण नको, ते निघून बाळाच्या तोंडात जातं. दुपटी जुन्या सुती साड्यांचीच बरी. फक्त दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवलेली असावीत. हाळिवाच्या पुडीवर 'बाळंतपणानंतर' असं मोठ्या अक्षरात लिहितो, कारण पोटुशीपणी आपल्याकडे हाळीव देत नाहीत.

देणगीत दर वर्षी पावडरीच्या दुधाचे डबे आणि दुधाच्या बाटल्या येतात, आणि दर वर्षी त्या परत करताना कुणीतरी रुसतं. डबे वा बाटल्या अनाथाश्रमाखेरीज कुणाला दान करायला १९९२च्या कायद्यानेच बंदी आहे, हे मी आता तोंडावर सांगते. कायदा बाजूला ठेवला तरी, कोपीत पाणी टँकरचं आणि बाटली उकळायला जळण नाही, म्हणजे आठवडाभरात बाळाला जुलाब. काजळ, मध, बाळगुटी, ग्राइप वॉटर हेही विड्यात जात नाही. कोपीतल्या म्हाताऱ्या विचारतात, "काजळ न्हाई व्हय?" त्यावर हसून पुढे जायचं.

विड्याचं इतकंच. खरी मदत म्हणजे कागदं, आणि डोकं तिथेच फुटतं.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात: गरोदरपणाची नोंद आणि किमान एक तपासणी झाल्यावर ३,०००, मग बाळाची जन्मनोंद आणि चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी झाल्यावर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकदम. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही. टाकलेल्या, एकट्या बायकांना हे मुद्दाम सांगा, त्यांना अजून कुणी सांगितलेलं नसतं. अर्ज आशाताई ऑनलाइन भरतात. आमच्या केसमध्ये बाई वीस वर्षांची, पहिलटकरीण, पाचवा महिना. माता-बाल संरक्षण कार्ड गावाहून आणलेलं, तपासणी झालेली. नोव्हेंबरात अर्ज वीस मिनिटांत भरून झाला. जानेवारीत कळलं, पैसे निघाले आणि परत गेले.

आता काउंटर. इथल्या बँकेत तिचं खातं होतं, वर्षभरापूर्वी उघडलेलं, त्यात आधार नोंदवलेलं. बँकेचं म्हणणं, आमच्याकडे सगळं बरोबर आहे. आणि ते होतंही! मात्र खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे येण्यासाठी त्या आधारची बँक ठरणं वेगळं. ही दुसरी नोंद एनपीसीआय या बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या मॅपरमध्ये, म्हणजे आधार आणि बँकांच्या यादीत, असते. एका आधारपुढे तिथे एकाच बँकेचं नाव असतं, खाते क्रमांक नसतो. सरकार पैसे आधार क्रमांकावर सोडतं, मॅपर ते त्या बँकेकडे वळवतो, आणि कुठल्या खात्यात टाकायचे ते बँक बघते. पासबुकवर छापलेल्या आधारला या सगळ्यात काही किंमत नाही. पहिल्याच फेरीला हे कुणी सांगितलं असतं तर दीड महिना वाचला असता.

दुसऱ्या फेरीला आम्ही फॉर्म मागितला. आधार सीडिंगचा, म्हणजे आधारपुढे ही बँक नोंदवण्याचा, संमती फॉर्म एका पानाचा असतो, त्यात तीन चौकोन: नवीन सीडिंग, एका बँकेतून दुसऱ्या बँकेत हलवणं, आणि काढून टाकणं. काउंटरवरून सांगितलं, पहिल्यावर खूण करा. केली. पंधरा दिवस थांबलो. काही झालं नाही. तिसऱ्या फेरीला सर्व्हर बंद होता, आणि पासबुकचं वाक्य पुन्हा एकदा ऐकवण्यात आलं.

घोळ असा की तिचं आधार आधीच दुसऱ्या एका बँकेला जोडलेलं होतं. माहेरच्या गावी शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं खातं. ते तिच्या लक्षातही नव्हतं. दोन वर्षांहून जास्त व्यवहार नाही म्हणून ते निष्क्रिय झालेलं, आणि म्हणून तीन हजार तिथे जाऊन आल्या पावली परत. अशा वेळी दुसऱ्या चौकोनावर खूण करावी लागते आणि शेजारी जुन्या बँकेचं नाव लिहावं लागतं. आमचा अर्ज 'नवीन' म्हणून गेला, म्हणून तो कुठे पोचलाच नाही. नाकारल्याचा निरोपही आला नाही.

जुनी बँक कोणती हे कळणार कसं? माय-आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं. त्यात बँकेचं नाव आणि नोंद चालू आहे की बंद ते येतं. बघायला दोन मिनिटं लागतात. मात्र ओटीपी लागतो, आणि आधारला दिलेला मोबाइल नंबर भावाचा, तोही कधीचाच बंद. मग आधी आधार केंद्र. तिथे मोबाइल नंबर बदलायला बोटांचे ठसे द्यावे लागले, म्हणून बाईलाच जावं लागलं. शुल्क ७५ रुपये (सप्टेंबर २०२५पर्यंत ५० होते). पावती मागा, नाहीतर शंभर घेतात. ऊसतोडणाऱ्या बायकांच्या बोटांना ठसे उरलेले नसतात. उसाच्या पात्याने चिरलेली, कोयत्याने घट्टे पडलेली बोटं. पाच वेळा मशीनने नाही म्हटलं. उपाय साधा आहे: आदल्या रात्री हाताला खोबरेल तेल चोळायचं, सकाळी साबणाने धुवायचं, केंद्रात पोचल्यावर ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं, आणि अंगठाच न धरता दहाही बोटं बघायला लावायची. आमच्याकडे डाव्या हाताच्या अनामिकेवर काम भागलं, तिथे कोयत्याचा दांडा घासत नाही.

या सगळ्यात प्रत्येक फेरी म्हणजे खाडा. मजुरीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. बाई नाही गेली तर अर्धा कोयता, आणि मुकादम उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांतून, कापतो तो वेगळाच. आम्ही चौथ्या फेरीला शहाणे झालो. फॉर्म आणायचा, भरायचा, जुन्या बँकेचं नाव काढायचं, शाखेत कोण बसतं ते विचारून ठेवायचं, हे सगळं आम्ही केलं. बाईला फक्त सहीसाठी नेलं, साडेदहाला आत, सव्वाअकराला बाहेर. कागदं कमी पडली म्हणून बाईला परत पाठवायचं नाही, हा आमचा आता नियमच आहे. आधार, पासबुक आणि माता-बाल कार्डाच्या तीन-तीन झेरॉक्स पिशवीत कायम असतात. झेरॉक्स आणि रिक्षाचा खर्च मंडळ करतं, पावतीवर. रोख रक्कम कुणाच्या हातात देत नाही, आणि खाड्याची भरपाईही देत नाही. एकीला दिली की उद्या मुकादम स्वतःच यादी घेऊन येईल.

चौथ्या फेरीचा फॉर्म शाखा अधिकाऱ्यांकडे थेट दिला आणि पोच म्हणून शिक्का घेतला. शिक्का घेताना कपाळाला आठी पडते, पडू द्या. पाचव्या दिवशी माय-आधारवर नवीन बँकेचं नाव दिसलं. त्या दिवशी मी पेढे आणले, हे कबूल करते. पण बँक बदलली म्हणून परत गेलेले पैसे आपोआप येतातच असं नाही. तालुक्याला आशाताईंकडून कळवून तो हप्ता पुन्हा पाठवायला लावावा लागला.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. बाईला लाडकी बहीणचे पैसे येत असतील तर ते ज्या खात्यात येतात तेच तिचं आधारचं खातं. मातृवंदनेचेही तिथेच येतील. तिथे काही हलवू नका. आमची बाई एकवीसची नव्हती, त्यामुळे तिला ते मिळत नव्हते आणि म्हणून हा घोळ आधी कळलाच नाही. सीडिंग हलवलं की आधारवर येणारं सगळंच हलतं, गॅसचं अनुदानसुद्धा. तिच्या नावावर काय काय येतं ते विचारूनच फॉर्म भरा. खातंच नसेल तर पोस्ट पेमेंट्स बँकेचं काढा. पोस्टमन मशीन घेऊन येतो, शून्य शिलकीवर खातं निघतं. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत म्हणून, आधार जोडायची संमती त्याच वेळी द्यायची.

नावाचंही लक्षात ठेवा. आधारवर माहेरचं नाव आणि कार्डावर सासरचं, असं दर दुसऱ्या बाईचं असतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, शिवाय पुरावा शोधत बसावं लागतं. त्यापेक्षा माता-बाल कार्ड, रुग्णालयाचा केसपेपर आणि अर्ज, सगळीकडे आधारवर आहे तसंच नाव लिहायचं. सासू कुरकुरते. आपल्या चर्चमधल्या बायकांनाही सांगते: पाळकांनी दिलेला लग्नाचा दाखला आधार केंद्रावर चालेलच असं धरून जाऊ नका, विवाह नोंदणीचा सरकारी दाखला सोबत असू द्या. बाप्तिस्म्याच्या दाखल्याचंही तसंच, जन्माचा दाखला म्हणून तो आता चालत नाही.

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते. टोळी गावी गेली की दाखल्यासाठी दीडशे किलोमीटर परत कोण येणार? म्हणून ग्रामीण रुग्णालयातून घरी सोडायच्या आधीच दाखला मागायचा. बाळंतपण, औषधं, जेवण आणि घरी सोडायची गाडी हे सगळं सरकारी रुग्णालयात फुकट आहे, गाडीला १०२. नोंद एकवीस दिवसांत विनाशुल्क, पुढे विलंबशुल्क, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा राहतो आणि मग बाल आधार अडतं. बाराव्या दिवसाच्या बारशाची वाट न बघता नाव सुचवा म्हणून आम्ही घाई करतो, तेवढी एक लुडबुड आम्ही करतो. मुलगी झाली आणि घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर लेक लाडकी योजनेचा अर्जही लगेच. जन्मानंतर ५,००० आणि ते धरून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये.

  

तीन हजारांचा मेसेज आला तेव्हा कोपी उतरवून झाली होती, ट्रकमध्ये भांडी चढत होती आणि बाई अकरा दिवसांच्या मुलीला मच्छरदाणीत गुंडाळून केबिनशेजारी उभी होती. पुढचे दोन हजार चौदाव्या आठवड्याच्या लसींवर अवलंबून, आणि त्या लसी आता बीडला. कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो तिच्या आणि आमच्या, दोन्ही फोनमध्ये घेतले. आरसीएच नंबर, म्हणजे माता-बाल आरोग्य नोंदणीचा नंबर, असतो ते पान विसरू नका. तो नंबर असला की तिकडच्या नर्सबाईंना तिची नोंद सापडते. नसला की त्या नवं कार्ड काढतात, आणि नव्या कार्डावर पहिल्या हप्त्याचा पत्ता नसतो.